माडावरची रेघ

सॅन बेनिटो, ९ जानेवारी

ओफेलिया,

तू फोन उचलत नाहीस म्हणून पत्र लिहितोय. पत्ता तुझ्या इमेल्दानं दिला. तिच्यावर चिडू नकोस, पोरगी दोन वर्षं नाहीच म्हणत होती. परवा फोनवर मला खोकल्याची उबळ आली, तिला वाटलं मामा रडतोय, आणि तिनं पत्ता सांगून टाकला. मीही तिची चूक दुरुस्त केली नाही.

काम छोटंसं आहे. माझा कंपाद्रे तिबो आठवतो ना, ज्याच्या मुलाचा मी धर्मपिता आहे? त्यानं अंगणात नारळ लावलाय. या वयात. मी त्याला म्हटलं, "अरे बाबा, इथे दर चार-पाच वर्षांनी लिंबू-संत्र्यांचीसुद्धा थंडीनं राख होते, आणि तू माड कसला लावतोस?" पण ऐकेल तो तिबो कसला. आता रेडिओवर सांगतायत की पुढच्या आठवड्यात उत्तरेचा वारा सुटणार आणि पारा गोठणबिंदूच्या खाली जाणार. तेव्हापासून तो माझ्या मागे लागलाय, "तुझा मेहुणा बाल्दो त्याचा माड कसा झाकायचा, ते बहिणीला विचार."

मला काही सांगता येईना. बाल्दो दर जानेवारीत शिडीवर चढून काहीतरी गुंडाळायचा, तू शिडी धरायचीस, आणि मी कुंपणाशी कॉफी पीत दोघांची चेष्टा करायचो, एवढंच आठवतं. चेष्टा करणाऱ्याला काम कुठलं येतं? तेव्हा दोन ओळी लिही. तिबोसाठी.

बाकी ठीक. तुझ्या घराचं छप्पर शाबूत आहे. दार मी उघडलेलं नाही.

फिदेन


१७ जानेवारी

ओफेलिया,

तुझं कार्ड मिळालं. वर गोठलेल्या तळ्याचं चित्र, मागे पाच ओळी. 'प्रिय' नाही, 'कसा आहेस' नाही, खाली सहीसुद्धा नाही. "बुंध्याशी गुडघाभर मातीचा ढीग कर. झावळ्या वर ओढून सैल बांध. नाताळचे दिवे खालपासून वरपर्यंत गुंडाळ. त्यावर रजई, पार जमिनीला टेकेल अशी. सकाळी ऊन आलं की काढ." चार वर्षांत तुझ्या हातचं एवढंच आलं, म्हणून ते मी फ्रिजवर लावून ठेवलंय. येता-जाता वाचतो. मातीच्या ढिगाबद्दल कुणी इतक्या वेळा वाचलं नसेल.

आता एक सांगायचंय. तिबोकडे नारळ नाही. तिबोकडे निवडुंगसुद्धा जगत नाही. नारळ माझ्याकडे आहे, म्हणजे आपल्या अंगणात, तुझ्या आणि माझ्या घराच्या मधे. बाल्दोचा माड होता तिथेच.

तू रागावून गेलीस त्या उन्हाळ्यात मी धुण्याच्या शेडमागे झाडत होतो. तिथे जुन्या टबाखाली एक नारळ पडलेला. बाल्दोच्या माडाला शेवटच्या वर्षी दोन नारळ धरले होते बघ, त्यातला एक तू त्याच्या तसबिरीपुढे ठेवला होतास आणि दुसरा सापडतच नव्हता. तो हा. त्याला बोटभर हिरवा कोंब फुटला होता. मी तो हातात घेऊन टबावर बसलो आणि बराच वेळ उठलोच नाही. मग जुन्या माडाच्या जागी खड्डा केला आणि लावला. कुणाला बोललो नाही. तुला सांगायचं तर फोन लागत नव्हता, आणि लागता तरी काय तोंडानं सांगणार होतो?

आता तो माझ्या डोक्याच्याही वर गेलाय. अजून खोड धरलेलं नाही, नुसत्या झावळ्या. पण वारा आला की आवाज तोच करतो.

आणि दुसरं. तुझं दार मी उघडलं. कालच. रजई हवी होती आणि माझ्या रजया चहाच्या गाळण्यासारख्या झाल्यात. तुमच्या लग्नातली ती जाड, वाघाचं तोंड असलेली रजई कपाटात होती, ती काढली. घरात धूळ आहे, उंदीर नाहीत. स्वयंपाकघरातलं कॅलेंडर अजून चार वर्षांपूर्वीच्या एप्रिलवर आहे. मी हात लावला नाही.

थंडी उद्या येते म्हणतात.

फिदेन


२१ जानेवारी

ओफेलिया,

तुझ्या भावासारखा उंटावरचा शहाणा टेक्सासात दुसरा नाही, हे आता सगळ्या गल्लीला कळलंय. मग तुलाच का न कळावं?

तू सांगितलंस तसं सगळं केलं. मातीचा ढीग केला, झावळ्या बांधल्या. दिव्यांची माळ म्हणशील तर माझ्याकडची जुनी मी चर्चच्या जत्रेला देऊन टाकली होती. म्हणून नवीन आणली, एकदम चांगल्यातली. दुकानातला मुलगा म्हणाला, "दहा वर्षं बघायला नको, काका, वीजही खात नाही." निळे-पांढरे दिवे, तीन माळा. नीट गुंडाळल्या, वर वाघाची रजई टाकली, वाघाचं तोंड रस्त्याकडे. संध्याकाळी दिवे लावले तर रजईतून असा उजेड फाकला की गाड्या हळू व्हायला लागल्या. समोरच्या आजीबाई, आपल्या दोन्या चायो, शाल गुंडाळून कुंपणाशी आल्या नि म्हणाल्या, "फिदेन, नाताळ होऊन महिना झाला. तुमच्याकडचा येशू अजून जन्मतोच आहे का?" मी म्हटलं, "यंदा उशीर झालाय, वाट बघा." इतका खूश होतो मी. जेवलो आणि सरळ झोपलो.

सकाळी नळ गोठलेला. रजई वर करून हात आत घातला, तर आत बाहेरच्याइतकाच गारठा. दिवा बोटांनी धरला. बेडकाच्या पोटासारखा थंड. दिवे सगळे झक्क चालू, ओफेलिया, आणि ऊब औषधालाही नाही. दिव्याखाली अंधार म्हणतात, मी दिव्याखाली बर्फ करून दाखवला. बाल्दोचे दिवे जुने, काचेचे, हात लावला की चटका देणारे. तो उजेडासाठी थोडेच लावायचा! तेवीस वर्षं कुंपणाशी उभा राहून बघितलं आणि हे मला कळलं नाही. तुलाही लिहावंसं वाटलं नाही, कारण इतकं कुणाला सांगावं लागतं का?

दुसरी थंडी त्याच दिवशी संध्याकाळी येणार होती, पहिलीपेक्षा जास्त. जुने दिवे अख्ख्या गावात मिळेनात. मी पायरीवर बसून राहिलो. दोन्या चायो पुन्हा आल्या, त्यांना सगळं सांगितलं. म्हटलं, हा बाल्दोच्या माडाचा मुलगा आहे. त्या घरी गेल्या, आणि नाताळात मक्याच्या पिठाचे तमाले वाफवायचं त्यांचं ते मोठं पातेलं घेऊन आल्या, अर्धं गाव जेवेल एवढं. "उकळतं पाणी भरून रजईखाली ठेव," म्हणाल्या. "निवलं की बदल. ज्या पातेल्यानं तीनशे तमाले शिजतात त्याला एका झाडाला ऊब देता येणार नाही?"

मग तिबोच्या बायकोनं तिचं आणलं. गल्लीतल्या प्रत्येक घरी ते असतंच, आणि नाताळ गेला की वर्षभर माळ्यावर पडून असतं. पाच पातेली झाली. दोन माझ्या गॅसवर, एक तुझ्या, दोन चायोंच्या. तुझा गॅस अजून पेटतो. आम्ही म्हातारे पाळीपाळीनं पाणी वाहत होतो, तिबो घसरून बसला तेव्हा सगळे हसलो. सकाळी मी रजई वर केली तर चेहऱ्यावर वाफ आली. वाफेला तमालेचा वास होता.

झावळ्या वरून करपल्यात. मधली सुरळी, ती न उघडलेली नवी झावळी, अजून ताठ आहे. पण पहिल्या रात्रीचं काय व्हायचं ते होऊन गेलं असेल. बघू.

फिदेन


१८ फेब्रुवारी

ओफेलिया,

तुझं उत्तर नाही. मीही महिनाभर लिहिलं नाही, कारण लिहिण्यासारखं काही नव्हतं. माड तपकिरी झालाय, सगळाच्या सगळा. झावळ्या कागदासारख्या वाजतात. सुरळीही टोकाला तपकिरी झाली आहे, आणि रोज बघतो, हलत नाही. तिबो म्हणाला, "कंपाद्रे, गेला तो. काढून टाक, मी ट्रक आणतो." मी त्याला म्हटलं, "माझी करवत तुझ्या घरी नेऊन ठेव. मी मागितली तरी देऊ नकोस." त्याला वाटतंय माझं डोकं फिरलंय.

मी चार वर्षं टाळलेलं आज लिहितो. माड मेला असेल तर मग लपवून तरी काय मिळवायचंय.

त्या वर्षी तू इमेल्दाच्या बाळंतपणाला उत्तरेत तिच्याकडे गेली होतीस. बाल्दोला जाऊन चार महिने झाले होते, माड गुंडाळायला कुणी नव्हतं, आणि थंडीनं तो असाच तपकिरी झाला. तू फोनवर मला म्हणालीस, "ऑगस्टपर्यंत हात लावू नकोस." मी हो म्हटलं. विसरलो असं नंतर सांगितलं, पण विसरलो नव्हतो. गल्लीतले सगळे आपापली झाडं तोडत होते. ईस्टरला अख्खं खटलं आपल्या अंगणात येणार, पोरं एकमेकांच्या डोक्यावर रंगीत कागदाचे तुकडे भरलेली अंडी फोडणार, फोटो निघणार, आणि मधे हा वाळका खांब. मला लाज वाटत होती. बहीण रडत येईल ती नीटनेटक्या अंगणात येऊ दे, असंही मनात होतं, हेही खरं धर. ईस्टरच्या आदल्या गुरुवारी मी आणि तिबोनं तो पाडला.

तो आडवा झाला तोवर मला काही माहीत नव्हतं, एवढं माझ्यावर विश्वास ठेवून वाच. मग ट्रकमध्ये मावावा म्हणून त्याचा शेंडा मी तोडला. आत गाभा होता, हातभर, पांढराशुभ्र, घट्ट. ताज्या खोबऱ्याचा वास सुटला. तिबोला काही कळलं नाही. त्यानं तुकडा तोडून तोंडात टाकला, "गोड आहे" म्हणाला. मला मात्र कळलं. मी ते सगळं भराभर ट्रकमध्ये टाकलं आणि कचऱ्याच्या खाणीत नेऊन ओतलं, तू यायच्या आत.

शनिवारी तू आलीस. बुंध्याशी उभी राहून एकच विचारलंस, "शेंड्यातल्या गाभ्याचा रंग कोणता होता, फिदेन?" मी म्हटलं, "काळा. सडला होता." तू म्हणालीस, "माझ्याकडे बघून सांग." मी तुझ्याकडे बघून सांगितलं. सोमवारी तू बॅग भरलीस.

पांढरा होता, ओफेलिया. जिवंत होता.

झाड तोडलं ती चूक होती. चूक कुणाचीही होते, तू शिव्या दिल्या असत्यास आणि महिनाभरानं जेवायला वाढलं असतंस. तुझ्या डोळ्यांत बघून खोटं बोललो, त्याचं काय करायचं ते मला चार वर्षं सुचलेलं नाही. माफी कशी मागतात तेही नीट येत नाही. ही मागितली असं समज.

तुझा भाऊ,
फिदेन


१२ मार्च

ओफेलिया,

आज पाकीट आलं. उघडलं तर आत पत्र नाहीच. काळं मार्कर पेन, लहान पोरांच्या कपड्यांवर नावं टाकायचं, आणि एक चिठ्ठी: "सुरळीवर आणि शेजारच्या देठावर मिळून एकच आडवी रेघ ओढ. जिवंत असेल तर सुरळी वर सरकते आणि रेघ तुटते. बाल्दो दर फेब्रुवारीत ओढायचा. रोज बघू नकोस."

मी ती चिठ्ठी पुन्हा पुन्हा वाचली. माझ्या पत्रातल्या एकाही गोष्टीचा त्यात उल्लेख नाही. पण माझं सगळं वाचून झाल्यावर तू दुकानात गेलीस, पेन निवडलंस आणि तिकीट लावलंस, हे मला दिसतं. मी स्वयंपाकघरात उभा राहून रडलो. या वेळी खोकला नव्हता.

रेघ ओढली. जरा वाकडी आली, पण दोन्हीवर मिळून एकच आहे. रोज बघणार नाही.

फिदेन

ता. क. दोनदा बघितलं. तशीच आहे.


ईस्टरनंतरचा सोमवार

ओफेलिया,

काल सगळे आले होते, बावीस माणसं. माड तसाच अंगणाच्या मधे, तपकिरी, वाईट दिसतो. दोन्या चायोंची सून म्हणाली, "काका, निदान फोटोपुरतं त्यावर चादर तरी टाकू." मी काही म्हणायच्या आत चायो तिच्यावर बरसल्या, "माझ्या पातेल्याचं पाणी प्यायलेलं झाड आहे ते. फोटोत ते राहील, तुला नको असेल तर तू बाजूला हो." सून बाजूला झाली नाही. फोटो निघाला. पोरांनी अंडी एकमेकांच्या डोक्यावर फोडून संपवली, मग उरलेली झाडावर फोडली, आणि आता वाळक्या झावळ्यांवर लाल-पिवळे कागदाचे तुकडे चिकटलेत. पहिल्यांदाच तो जरा माणसांत आल्यासारखा दिसतोय.

तिबोनं जेवताना हळूच विचारलं, "त्या वेळी मी खाल्लं होतं ना, ते जिवंत होतं?" मी म्हटलं, "हो." त्याचा घास हातात राहिला. म्हणाला, "आणि तू मला बोललाही नाहीस." मी म्हटलं, "मी कुणालाच बोललो नाही." जाताना म्हणाला, "करवत ऑगस्टपर्यंत माझ्याकडेच राहू दे."

रेघ अजून अखंड आहे. बघतो आठवड्यातून एकदाच. बरं, दोनदा. पण एक सांगतो, पूर्वी मी वाट बघत नव्हतो, नुसता घाबरून होतो. वाट बघणं याहून बरं आहे. सकाळी कॉफी घेऊन कुंपणाशी न जाता सरळ माडापाशी जातो आणि बाल्दोची माफी मागितल्यासारखं थोडं पाणी घालतो.

तुझ्या घराच्या खिडक्या उघडून ठेवल्यात, हवा खेळू दे म्हणून. वाघ धुतला. दोरीवर वाळत घातला तर रस्त्यावरचं कुत्रं त्याच्यावर तासभर भुंकत होतं.

फिदेन


७ मे

ओफेलिया,

हे पत्र मी तीनदा सुरू केलं आणि तीनदा फाडलं, कारण प्रत्येक वेळी मजकूर जाहिरातीसारखा व्हायला लागला. आता साधंच लिहितो.

गेल्या आठवड्यात मला ताप होता, म्हणून सहा दिवस अंगणात गेलो नाही. आज सकाळी गेलो. कॉफी हातात होती. आधी वाटलं डोळ्यांचं काही झालं, मग चष्मा पुसला, मग आत जाऊन पट्टी घेऊन आलो. देठावरची रेघ जिथे होती तिथेच आहे. सुरळीवरची तिच्या दोन बोटं वर गेली आहे. मधे पेन लागलेलंच नाही अशी जागा आहे. चायोंना हाक मारली. त्यांनी वाकून बघितलं, छातीवर क्रुसाची खूण केली आणि म्हणाल्या, "जन्मला एकदाचा." मग कुंपणापलीकडे वळून सगळ्या गल्लीला ओरडून सांगितलं. तिबो पाच मिनिटांत आला. त्यानं करवत आणली नव्हती, बिअर आणली होती.

आता तुला विचारावंसं वाटेल, जी जागा नव्यानं वर आली आहे तिचा रंग कोणता. मला माहीत आहे. मी नाक लावून बघितलाय.

पण तो मी लिहिणार नाही. रंगाबाबत माझ्या शब्दावर तुला एकदा विसंबावं लागलं, पुन्हा लागायला नको. शुक्रवारी रात्री तिकडून निघणारी बस रविवारी सकाळी इथे पोचते, मी स्टँडवर असेन. तुझ्या अंथरुणावर वाघ घातलाय. कॅलेंडर मात्र तूच बदल.

रेघ पुसलेली नाही. ये आणि तुझ्या डोळ्यांनी बघ.

तुझा भाऊ,
फिदेन